फळीखालचं पेट्रोल

मोटारगाडीच्या टाकीतून पेट्रोल गळलं तर ते रस्त्यावर पडतं. डाग दिसतो, वास येतो, वारा वाफ उडवून नेतो. गाडीचा तळ उघडा असतो म्हणून हे घडतं. बोटीचा तळ बंद असतो. पाणी आत येऊ नये म्हणून तो बंद केलेला असतो, आणि जो पत्रा पाण्याला आत येऊ देत नाही तोच पेट्रोलला बाहेर जाऊ देत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जात नाही. उतार शोधत खाली सरकते आणि परातीत पाणी साचावं तशी बोटीच्या तळाशी साचून राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. उणे ४० अंशांपर्यंत पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडत असतं, म्हणजे मिनेसोटाच्या हाडं गोठवणाऱ्या जानेवारीतही या धोक्याला सुट्टी नाही.

या लेखाचा विषय ऐकायला एवढासाच आहे: १६ फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत पेट्रोलची कायमची टाकी बसवणं. अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या तळ्यांच्या मुलखात, तळी गोठलेली असताना लोक हे काम आपापल्या गॅरेजमध्ये करतात. काम फार अवघड नाही. हाताशी ड्रिल, रिव्हेट गन आणि थोडा धीर असला तर टाकी बसतेही. पण ती बसली की बोट पूर्वीची राहत नाही. तिचं वजन बदलतं, बुडताना तरंगण्याची ताकद बदलते, धोक्याची जागा बदलते. मालकाला हे सांगायला कुणी येत नाही. कायदाही येत नाही, आणि मला या लेखात मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

मिनेसोटात १० एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत आणि नोंदलेल्या बोटी आठ लाखांच्या वर. मासेमारीच्या बोटींत अ‍ॅल्युमिनियमचा वाटा फार मोठा. हा धातू इथे आला तो विमानांच्या वाटेने. दुसऱ्या महायुद्धात ग्रुमन ही कंपनी अमेरिकन नौदलासाठी लढाऊ विमानं बनवत होती. तिथले एक उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांत फिरायला गेले. लाकूड आणि कॅनव्हासची जड कनू एका तळ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंत खांद्यावरून वाहताना त्यांच्या मनात आलं की विमानाचा पत्रा इथे का वापरू नये. १९४५ मध्ये ग्रुमनची पहिली अ‍ॅल्युमिनियमची कनू तयार झाली. लढाई संपली, पत्रा आणि तो वाकवणारे हात मोकळे झाले. १९४६ मध्ये मिनेसोटात अ‍ॅल्युमाक्राफ्ट आणि क्रेस्टलायनर या कंपन्या उभ्या राहिल्या, १९४८ मध्ये न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावात लुंड.

इंजिन त्याआधीच आलं होतं. लहानपणी आईवडलांबरोबर नॉर्वेहून विस्कॉन्सिनला आलेल्या ओल एव्हिनरूड यांनी १९०९ पासून आउटबोर्ड मोटर विकायला सुरुवात केली. दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे २८ किलो. त्या मोटरची चिमुकली टाकी मोटरलाच जोडलेली होती. महायुद्धानंतर मोटरी मोठ्या झाल्या, तेवढं पेट्रोल अंगावर बाळगणं त्यांना जमेना, तेव्हा टाकी सुटी होऊन बोटीत पायाशी आली. मग मासेमारीच्या बोटींत सपाट तळफळी आली, गालिचा आला, फिरत्या खुर्च्या आल्या, आणि टाकी फळीखाली गेली. प्रत्येक टप्प्याला ती माणसाच्या डोळ्यांपासून आणि नाकापासून जरा आणखी लांब गेली. सोय वाढली हे खरं. पण पहिला थेंब गळताच तो दिसण्याची शक्यता मात्र प्रत्येक वेळी कमी झाली.

पायाशी ठेवायची ती लाल प्लास्टिकची टाकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असेल. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात एनडीआरएफच्या ज्या रबरी बोटी फिरत होत्या, त्यांच्यावरही आउटबोर्ड मोटरीच होत्या. सुट्या टाकीचे फायदे साधे आहेत. रिकामी झाली की नळी काढून दुसरी जोडता येते. गळली तर दिसते. भरायची तर बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवून भरता येते, आणि तशीच भरायला हवी. आग लागलीच तर ती उचलून पाण्यात फेकण्याचीही निदान शक्यता असते.

मग लोक ती बदलतात कशाला? सहा गॅलनची टाकी, म्हणजे सुमारे २३ लिटर, भरल्यावर वीस किलोच्या आसपास जाते. पाठ धरलेल्या माणसाला ती बोटीच्या काठावरून आत-बाहेर करणं जड जातं. अरुंद बोटीत ती नेमकी पाय ठेवायच्या जागी असते. शिवाय २०११ पासून आणखी एक तक्रार वाढली. हवेचं प्रदूषण कमी करण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नियम केला की सुट्या टाकीतून वाफ बाहेर सुटता कामा नये. पूर्वी झाकणावर हाताने उघडायचा एक छोटा स्क्रू असे, तो गेला. आता टाकी ५ पीएसआय (दर चौरस इंचाला ५ पौंड) दाबापर्यंत बंदच राहते. उन्हात ठेवली की टम्म फुगते, आणि तो दाब पेट्रोलला नळीतून मोटरकडे ढकलतो. त्यासाठी नळीत वेगळी झडप बसवावी लागते, ती अनेकांना माहीतच नसते. फुगलेल्या टाकीला घाबरून माणूस कायमच्या टाकीचा विचार करू लागतो.

मी हे काम जवळून पाहिलं ते एका सांगलीकर मित्रामुळे. ते यंत्र-अभियंते, मिनिॲपोलिसच्या उपनगरात राहतात, आणि मिल लॅक्ससारख्या अफाट तळ्यावर दिवसभर गळ टाकून बसणं हा त्यांचा जीव की प्राण. जुनी १६ फुटी बोट त्यांनी घेतली, तिला १२ गॅलनची टाकी बसवायची ठरवली. आधी घरच्याच गॅरेजमध्ये करणार होते. मग ब्रेनर्डच्या बाजूला जुन्या बोटी दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर भेटले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गॅरेज घराला लागून आहे का? त्यात पाणी तापवायचा गॅसचा बंब आहे का?" होता. कारागिरांनी तिथेच नाही म्हटलं, आणि काम त्यांच्या शेडमध्ये करायचं ठरलं. अमेरिकन घरांत गॅरेजमधला बंब जमिनीपासून १८ इंच उंच चौथऱ्यावर बसवायची पद्धत आहे, ती नेमकी याच कारणाने: पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि ज्योत खाली असेल तर तिला गाठते. बोटीच्या टाकीच्या कामाची सुरुवात बोटीपासून होत नाही, ती जागेपासून होते, हे मला त्या शेडमध्ये कळलं. मोठं दार उघडं, थंडी हाडात शिरत होती, आणि हीटर बंद होता. "तुम्ही कोट घालूनच या," असं मित्राने मला आदल्या दिवशी का सांगितलं होतं ते उमगलं.

पहिलं काम म्हणजे फळी उचलणं. फळी म्हणजे प्लायवूड, वर गालिचा, खाली रिव्हेटने पत्र्याच्या आडव्या पट्ट्यांना जखडलेलं. रिव्हेटची डोकी एकेक करून ड्रिलने उडवावी लागतात. फळी निघाली तेव्हा तिच्याखाली पिवळट फोम होता, आणि तो हाताला जड लागला. वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसला होता. फळीखालच्या पत्र्यावर काही ठिकाणी पांढरी भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले. कारागिरांनी प्लायवूडच्या कडेला बोट लावून हिरवट छटा दाखवली. आधीच्या मालकाने कधीतरी फळी बदलताना बाहेरच्या बांधकामासाठी मिळणारं, कीड लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड वापरलं होतं. त्या औषधात तांबं असतं. ओलाव्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. लाकूड टिकावं म्हणून पैसे मोजलेले असतात, आणि ते लाकूड खालची बोट खात बसतं.

फोमबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण टाकी बसवताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. अ‍ॅल्युमिनियम हलकं म्हणतो आपण, पण ते पाण्याच्या २.७ पट जड आहे. पाणी भरलेली अ‍ॅल्युमिनियमची बोट मोटरसकट सरळ तळाला जाते. ती जात नाही ती फोममुळे. एक घनफूट गोड्या पाण्याचं वजन ६२.४ पौंड, तेवढ्याच फोमचं दोन पौंडांच्या आसपास. म्हणजे प्रत्येक घनफूट फोम पाण्याखाली साधारण २७ किलो वजन तोलून धरतो. वीस फुटांपेक्षा लहान बोटींत किती फोम असावा आणि बोट भरली तरी ती किती तरंगावी, याचे नियम अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून आहेत. आउटबोर्डच्या बोटी तर भरल्यावरही सपाट तरंगल्या पाहिजेत, उलटून नाही, म्हणजे माणसांना आत बसून किंवा काठ धरून मदतीची वाट पाहता येते.

आता १२ गॅलनची टाकी घ्या. तिचं स्वतःचं आकारमान १.६ घनफूट. भोवती मोकळी जागा, खाली पट्ट्या, वर नळ्यांची वळणं धरली तर अडीच-तीन घनफूट फोम सहज काढावा लागतो. म्हणजे ७० ते ८० किलो तोलण्याची ताकद बोटीतून काढून घेतली. वरून पेट्रोल ३४ किलो, टाकी आणि साहित्य मिळून आणखी काही किलो, ही भर पडली ती वेगळी. टाकी हवेने भरलेली असते म्हणून तीही तरंगवेल असं मालक म्हणतात. पण तिला हवेची नळी असते, त्या नळीतून पाणी शिरतं, आणि जी वस्तू कधी भरलेली तर कधी रिकामी असते तिच्या भरवशावर जीव ठेवता येत नाही. बोटीच्या आत मागच्या बाजूला एक पिवळी पट्टी असते. किती माणसं, किती वजन, किती अश्वशक्ती, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. ते आकडे कारखान्याने मूळच्या मांडणीवर काढलेले असतात. टाकी बसवणाऱ्याने तेवढं वजन मनातल्या मनात वजा करायचं असतं. किती जण करत असतील, मला शंका आहे.

सांगलीकरांच्या बोटीत जेवढा फोम काढला, त्याहून थोडा जास्त नवा फोम दोन्ही बाजूंना काठाखाली बसवला. वर बसवण्याला कारण आहे. फोम सगळा खाली असेल तर भरलेली बोट पोटावर न राहता पाठीवर पडू पाहते. काठाशी असेल तर ती सरळ राहते. आणि फोम कोणता हेही महत्त्वाचं. आपल्याकडे मखराला वापरायचो तो पांढरा थर्माकोल पेट्रोलमध्ये बघता बघता विरघळतो. टाकीशेजारी तो भरणं म्हणजे पहिल्याच गळतीत तरंगण्याची शक्ती गमावणं. पेट्रोलला दाद न देणारा फोम वेगळा मिळतो, तोच घ्यायचा.

टाकी कुठे बसवायची यावर मित्राचं आणि कारागिरांचं थोडं वाजलं. मित्राला ती मागे, मोटरजवळ हवी होती. नळी आखूड राहील. पण छोट्या बोटीत मागे आधीच मोटर असते, बॅटरी असते, चालवणारा माणूस असतो. आणखी वजन मागे टाकलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, हवेत उचलली जाते, समोरचं दिसेनासं होतं. अगदी पुढे टाकली तर लाटांचे दणके तिथेच सर्वांत जास्त बसतात. शेवटी ती मधल्या बाकाच्या जरा पुढे, मध्यरेषेवर बसली. पेट्रोलचं वजन दिवसभरात कमी होत जातं, आणि ते कमी होताना बोटीचा तोल फार बदलू नये, ही जागा निवडण्याची कसोटी.

टाकी प्लास्टिकची की अ‍ॅल्युमिनियमची, या वादात मी कुणाचीच बाजू घेणार नाही. प्लास्टिकची गंजत नाही, पण पेट्रोल भरल्यावर दोन-तीन टक्के फुगते, म्हणून तिला चारी बाजूंनी जागा सोडावी लागते आणि घट्ट आवळून चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमची हवी तशी वळवून घेता येते, पण ओल धरून ठेवणारी कुठलीही वस्तू तिला चिकटून असली की ती आतून-बाहेरून संपते. अ‍ॅल्युमिनियमचं संरक्षण म्हणजे त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर, आणि तो टिकायला हवा लागते. ओला फोम, गालिच्याची पट्टी, कुजलेलं लाकूड यांच्याखाली हवा पोचत नाही, तिथे खड्डे पडतात आणि एक दिवस टाकी पाझरते. फोम ओतून टाकी पक्की करून टाकायची कल्पना अनेकांना सुचते. नियम सांगतो की धातूच्या टाकीला फक्त फोमचा आधार चालणार नाही.

नियम म्हणजे तटरक्षक दलाची नियमावली. तिचा १८३ क्रमांकाचा भाग मी वाचला आणि त्याची भाषा मला आवडली. तीत उपदेश नाही, मोजमाप आहे. टाकी बोटीच्या रचनेचा भाग असता कामा नये. तिच्यावर फळीचा भार येता कामा नये. बसवल्यावर ती कुठल्याही दिशेला पाव इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. धातूच्या टाकीच्या माथ्यावरून पाणी वाहून गेलं पाहिजे. आधाराच्या पट्ट्या आणि टाकी यांच्यामध्ये पाणी न शोषणारा पदार्थ हवा. टाकीची सगळी तोंडं तिच्या माथ्यावर हवीत, खाली किंवा बाजूला एकही नाही, म्हणजे जोड ढिला पडला तरी टाकी आपोआप रिकामी होणार नाही. या प्रत्येक वाक्यामागे कुठेतरी जळालेली बोट असणार, असं वाचताना जाणवत राहतं.

नळ्यांबद्दलही तेच. बोटीत वापरायच्या पेट्रोलच्या नळीवर तिचा प्रकार आणि बनवल्याचं वर्ष छापलेलं असतं. ए प्रकारची नळी अडीच मिनिटं आगीत टिकली पाहिजे, अशी चाचणी असते. अडीच मिनिटं म्हणजे मोटर बंद करून, पोरांना लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरवण्याइतका वेळ. मोटारीच्या दुकानात मिळणारी नळी दिसायला तशीच, किमतीला कमी, आणि आगीत तिचा भरवसा शून्य. भरणीची नळी दीड इंचाची, तिला दोन्ही टोकांना दोन-दोन पट्ट्या. मोटरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी, टाकीवरच, एक उलट-ओढ रोखणारी झडप. टाकी फळीखाली असताना ती कशाला, असं वाटेल. पण बोट ट्रेलरवर चढावर उभी असते तेव्हा टाकी वर आणि नळी खाली येते. नळीला चीर गेली असेल तर टाकी सगळी तळात उतरते. झडप नसेल तर सकाळी कुलूप उघडणाऱ्याला कळणारही नाही.

हवेच्या नळीचं तोंड बोटीच्या बाहेर, वरच्या अंगाला काढायचं, म्हणजे भरताना उसळलेली वाफ बाहेर जाते. त्याला बारीक जाळी असते ती ठिणगी आत जाऊ नये म्हणून. उन्हाळ्यात एक गांधीलमाशी त्या भोकात मातीचं घर करते, आणि मग चालत्या बोटीत मोटर भुकेने बंद पडते. ब्रेनर्डच्या कारागिरांनी सांगितलं की दुरुस्तीला आलेल्या बोटीत ते सर्वांत आधी तेच भोक बघतात.

आता ठिणगीकडे येतो. पेट्रोल रबरी नळीतून वाहताना स्थिर वीज तयार होते. सुटी टाकी जमिनीवर ठेवून भरायची ती त्यासाठी. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेने पिकअपच्या प्लास्टिक अस्तरावर कॅन ठेवून भरताना लागणाऱ्या आगींबद्दल इशाराच दिला होता. प्लास्टिकवर वीज अडकून बसते, तिला जमिनीत जायला वाट नसते. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत मालकाला वाटतं, सगळं धातूचंच आहे, वीज आपली वाट शोधेल. पण टाकी प्लास्टिकच्या पट्ट्यांवर बसलेली असते आणि भरणीची नळी रबराची असते. म्हणजे टाकी बोटीपासून पूर्ण तुटलेली, भरणीचं धातूचं तोंड टाकीपासून तुटलेलं. म्हणून एक हिरवी तार भरणीच्या तोंडापासून टाकीला आणि टाकीपासून बोटीच्या सामाईक ग्राउंडला. नियमात मर्यादा १०० ओहमची. कारागिरांनी मीटर लावून आकडा पाहिला, मग मित्राकडे मीटर देऊन त्यांना स्वतः पाहायला लावलं. ती तार हातभर लांबीची, किंमत नगण्य. या संपूर्ण कामात तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी वस्तू नाही असं माझं मत झालं.

पातळी दाखवणाऱ्या काट्याची गुलाबी तार, इंधन-फिल्टर, ही कामं चटकन झाली. इथेनॉलबद्दल मात्र दोन शब्द. अमेरिकेतल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. सुटी टाकी हिवाळ्यात रिकामी करून ठेवता येते, फळीखालची नाही. मिनेसोटात बोटींसाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल विकायला कायद्याने मुभा आहे. महाग पडतं, पण फळीखाली टाकी असणाऱ्याने शेवटच्या खेपेला तेच भरावं.

चाचणीच्या वेळी शेडमध्ये कुणी फारसं बोललं नाही. सगळी तोंडं बंद करून आत हवा भरायची, ३ पीएसआयपर्यंत, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघायचा. तीन हा आकडा किरकोळ वाटतो. पण टाकीच्या एका चौरस फुटाच्या सपाट भागावर तो ४३२ पौंडांचा रेटा देतो, जवळजवळ १९६ किलो. म्हणून कॉम्प्रेसर लावायचा नाही. हातपंप आणि छोटा दाबमापक. एका पट्टीखाली बुडबुडा आला. पट्टी काढून नळी पुन्हा बसवली, पुन्हा हवा भरली, पुन्हा थांबलो. फळी बसवण्याआधीची ही शेवटची संधी असते, कारण नंतर तो जोड कुणालाच दिसणार नाही. फळी बसवताना पुढे आणि मागे हवा खेळायला जाळीची तोंडं ठेवली, आणि टाकीच्या वर, फळीला, हात जाईल एवढं झाकण. ते झाकण ठेवायला फळी कापावी लागली. ठेवलंच पाहिजे होतं.

आता कायद्याकडे. १९७१ च्या बोट-सुरक्षा कायद्याखाली ही सगळी मोजमापं आली. पण इंधन-व्यवस्थेच्या त्या नियमांच्या पहिल्याच ओळींत एक अपवाद आहे: पेट्रोल इंजिनाच्या सगळ्या बोटींना ते लागू, आउटबोर्ड सोडून. अपवाद का केला असावा ते समजू शकतं. आउटबोर्ड मोटर बोटीबाहेर टांगलेली असते, बंद खोलीत नसते, आणि तिची टाकी उघड्यावर असायची. पण टाकी फळीखाली गेली तेव्हा अपवाद तिथेच राहिला. शिवाय हे नियम बांधतात ते बोट बनवणाऱ्याला; गॅरेजमध्ये बसलेल्या मालकाला नाही. १९५४ पासून काम करणारी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था आउटबोर्डच्या कायमच्या टाक्यांसाठीही मानकं काढते आणि चांगले कारखाने ती पाळतात. पण ती ऐच्छिक आहेत. म्हणजे चांगल्या कारखान्यातून आलेली बोट तपासून आलेली असते, आणि त्याच बोटीत मालकाने बसवलेली टाकी कुणीही तपासत नाही.

एका ठिकाणी मात्र कायदा मालकाला गाठतो. २६ फुटांपेक्षा लहान, उघड्या आउटबोर्ड बोटीत सुटी टाकी असेल आणि बंद कप्पे नसतील, तर आग विझवायचं नळकांडं बाळगायची सक्ती नाही. कायमची टाकी बसवली की सक्ती सुरू होते. २०२२ पासून एकदाच वापरायचं नळकांडं १२ वर्षांपेक्षा जुनंही चालत नाही. टाकी बसवणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असतं? आमच्या सांगलीकरांना नव्हतं, आणि ते नियम वाचून काम करणारे गृहस्थ आहेत. मला ही तरतूद फार बोलकी वाटते. कायद्यालाही कळतं की टाकी फळीखाली गेल्यावर बोटीची जात बदलली. पण तो फक्त आग लागल्यानंतरचं बोलतो, आधीचं नाही.

माझं मत आता स्पष्ट सांगतो. चौदा फुटांपर्यंतच्या बोटीत कायमची टाकी बसवू नये. तिथे काढायला फोमही नाही आणि घालायला जागाही नाही. लाल टाकी, नळीतली झडप आणि जमिनीवर ठेवून भरण्याची सवय एवढं पुरतं. पेट्रोल किती घ्यायचं याचा हिशेबही सोपा आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. त्यात भागत असेल तर फळीला हात लावू नये. सोळा फुटांत टाकी बसवता येते, पण फोम परत घालणं, हिरवी तार, आगीत टिकणारी नळी, दाबाची चाचणी आणि वर उघडणारं झाकण, यातलं एकही गाळायचं असेल तर ते काम करू नये. आणि आउटबोर्डचा तो अपवाद कायमच्या टाक्यांपुरता तरी काढून टाकला पाहिजे. मालकाने केलेल्या कामाचीही तपासणी व्हावी, निदान बोट विकली जाते तेव्हा.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात तळ्याकाठी किंवा खाडीकाठी राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांनी जुनी बोट घेतली आहे, त्यांना एक विनंती. आधीच्या मालकाने टाकी बसवली असेल तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. बोट पाण्यात उतरवण्याआधी उघड्या हवेत फळीवरचं झाकण काढा, वास घ्या, आणि नळीवर छापलेला प्रकार आणि वर्ष वाचा. छापलेलं काहीच नसेल तर ती नळी बदलल्याशिवाय त्या टाकीत पेट्रोल भरू नका.